स्तन राखायचा, तर शेवटाकडून सुरुवात करा

मी डॉक्टर नाही. मोठ्या जाऊबाईंची फाईल काखेत मारून पाच महिने दवाखान्यांच्या पायऱ्या चढलेली बाई आहे. त्यांना आम्ही घरात आक्का म्हणतो. वय 58, गाव माण तालुक्यात, डाव्या स्तनात गाठ. स्तन न काढता गाठ तेवढी काढायची आणि मग रेडिएशन द्यायचं, असा त्यांचा उपचार झाला. तेव्हापासून ओळखीतल्या आणि ओळखीच्यांच्या ओळखीतल्या बायकांचे फोन येतात. प्रत्येकीला तेच तेच सांगते, ते एकदा लिहून काढते आहे. कुठलं औषध, किती, हे डॉक्टर ठरवतील. कशानंतर काय, कुठे घाई करायची, कुठे अजिबात करायची नाही आणि कुठला कागद हातचा सोडायचा नाही, एवढंच यात आहे.

नवशिकी सून पुरणपोळीची कृती वाचताना डाळ शिजवण्यापाशीच थांबते. डाळ छान शिजते, कटाला पाणी निघतं, आणि मग लक्षात येतं की पुरणयंत्र माहेरी राहिलंय. या उपचारातलं पुरणयंत्र म्हणजे रेडिएशन. ते कुठे, किती दिवस आणि कसं घेणार हे ठरल्याशिवाय स्तन राखायला हो म्हणू नका. पण आधी गाठीपासून येऊ.

गाठ काढू नका, आधी सुई

आक्कांना अंघोळीच्या वेळी साबणाच्या हाताखाली सुपारीएवढं काहीतरी लागलं. दुखत नव्हतं. दुखत नाही म्हणून दोन महिने गेले. कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही, त्यामुळे न दुखणाऱ्या गाठीला जास्त घाई करायची. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा रुग्णालयाने 1998 पासून दीड लाखांवर बायकांचा वीस वर्षं अभ्यास केला. शिकवलेल्या आरोग्य कार्यकर्त्या दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासत होत्या. पन्नाशीच्या पुढच्या बायकांमध्ये स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू त्यामुळे सुमारे 30 टक्क्यांनी कमी झाले. हाताला जे लागतं त्याला हसू नये.

तालुक्याच्या गावी एका डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, "अर्ध्या तासाचं काम आहे. भूल देऊन काढून टाकू, मग तपासायला पाठवू." भाऊजी, म्हणजे आक्कांचे यजमान, खूश झाले. मीही झाले होते, खोटं कशाला सांगू. नात्यातल्या एका नर्समुळे वाचलो. ती फोनवर ओरडलीच, "वैनी, काढू नका! आधी सुई!"

कारण तिने नंतर समजावलं. तपासण्याआधी गाठ काढली की ती किती मोठी होती, कुठवर पसरली होती, कडेने किती चांगलं मांस निघालं, याचा माग राहत नाही. चीर भलत्या दिशेने गेली असेल, तर पुढच्या सर्जनला ती सगळी जागा पुन्हा काढावी लागते. राखता आला असता असा स्तन या अर्ध्या तासाच्या कामात जाऊ शकतो.

तेव्हा क्रम असा: हाताने तपासणी, मग मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी, मग जाड सुईची बायॉप्सी. मॅमोग्राफी दोन्ही स्तनांची करायची. पाळी चालू असेल तर पाळी संपल्यानंतरच्या आठवड्यात गेलं तर दाबताना कमी दुखतं, पण त्यासाठी महिनाभर थांबू नका. त्या दिवशी अंगाला पावडर लावायची नाही, काखेत डिओडरंट मारायचा नाही. त्यांचे कण फिल्मवर पांढऱ्या ठिपक्यांसारखे उमटतात आणि स्तनातल्या कॅल्शियमच्या ठिपक्यांसारखे दिसतात. आक्का पावडरीशिवाय उंबरा ओलांडत नाहीत. मी एसटीत त्यांच्या मानेवर पांढरं बघितलं आणि स्टँडच्या नळावर टॉवेल ओला करून पुसून काढलं. साडीपेक्षा वरचे-खालचे वेगळे कपडे सोयीचे, पण आक्कांना ते कोण सांगणार.

कमी वयात स्तन घट्ट असतो, मॅमोग्राफीत तो पांढराच दिसतो आणि गाठही पांढरीच. म्हणून जोडीला सोनोग्राफी.

बायॉप्सीची सुई जाड असते. बारीक सुईने नुसत्या पेशी येतात, जाड सुईने मांसाचे शेवयांसारखे तुकडे येतात आणि पुढच्या सगळ्या तपासण्या त्या तुकड्यांवर होतात. जागा बधिर करतात. स्टेपलरसारखा खट्ट आवाज होतो, त्याला दचकायला होतं, तो आधी ऐकवा म्हणावं. सुई लावली की आजार भडकतो ही समजूत आमच्याकडे इतकी घट्ट आहे की चुलत सासूबाई आदल्या रात्री येऊन रडून गेल्या. त्या समजुतीपायी सुई टाळू नका. सुईशिवाय पुढचं सगळं अंधारात.

ब्लॉक सांभाळा

बायॉप्सीचा कागद हातात आला की 'कॅन्सर' या एका शब्दावर नजर अडकते. खाली तीन ओळी असतात, त्या वाचा: ईआर, पीआर, हर टू. पहिल्या दोन्हींवरून कळतं की गाठ हार्मोनवर पोसली जाते का. तिसरीवरून कळतं की त्या खास प्रथिनाविरुद्धचं इंजेक्शन लागू पडेल का. हर टूच्या पुढे शून्य किंवा एक असेल तर निगेटिव्ह, तीन असेल तर पॉझिटिव्ह. दोन आलं तर अधांतरी, मग 'फिश' नावाची आणखी एक तपासणी.

आक्कांचं दोन आलं. फिशसाठी ब्लॉक हवा होता. बायॉप्सीचा तुकडा मेणात बसवून ठेवतात, काडेपेटीपेक्षा लहान प्लास्टिकच्या डबीत, त्याला ब्लॉक म्हणतात. पॅथॉलॉजीवाल्यांकडे मागायला गेलो तर म्हणाले, शोधून ठेवतो. मग म्हणाले, मॅडम रजेवर आहेत. मग म्हणाले, नंबर चुकलाय. अकरा दिवस. त्या अकरा दिवसांत आक्कांनी घरातलं सगळं धान्य निवडून, उन्हं दाखवून कणगीत भरलं, जणू आता कुठे जायचंच आहे. माझा राग अजून गेलेला नाही. म्हणून सांगते, रिपोर्ट घ्यायला जाल त्याच दिवशी ब्लॉक आणि काचेच्या स्लाइड सही करून ताब्यात घ्या. स्लाइड कापडात गुंडाळा. ब्लॉक उन्हात किंवा गाडीत पुढच्या काचेपाशी ठेवू नका, मेण आहे ते. आणि प्रत्येक कागदाची झेरॉक्स वेगळ्या पिशवीत.

राखता येईल का

गाठ दोन सेंटिमीटरपर्यंत असेल तर पहिला गट, दोन ते पाच म्हणजे दुसरा. स्तन राखण्याचा विचार बहुधा या दोन्ही गटांत होतो, पण नुसता आकडा पुरत नाही. मोठ्या स्तनातून तीन सेंटिमीटरची गाठ निघाली तर फारसं कळत नाही, लहान स्तनातून निघाली तर खड्डा पडतो. आक्कांची 2.4 होती.

डॉक्टर काय बघतात ते माहीत असावं. एकाच स्तनात लांब लांब दोन-तीन ठिकाणी आजार आहे का? कॅल्शियमचे संशयास्पद ठिपके स्तनभर विखुरलेत का? त्या बाजूच्या छातीला पूर्वी रेडिएशन दिलंय का? दिवस गेलेत का? गरोदरपणात रेडिएशन देता येत नाही. स्क्लेरोडर्मासारखा कातडी आखडणारा आजार आहे का? यातलं काही असलं तर बहुधा पूर्ण स्तन काढणं बरं, आणि तसं सांगणाऱ्या डॉक्टरला कसाई म्हणू नये. घरात आई, मावशी, बहीण यांना स्तनाचा किंवा बीजकोशाचा कॅन्सर झाला असेल तर ते न विचारता सांगा. जनुकांची तपासणी करून मग निर्णय होतो.

गाठ मोठी असेल तर आधी केमो देऊन ती आकसवता येते. अशा वेळी एक प्रश्न विसरू नका: "गाठीत क्लिप लावली का?" केमोने कधीकधी गाठ इतकी विरते की हाताला, सोनोग्राफीला सापडत नाही. आधी बारीक धातूची क्लिप बसवलेली असेल तर सर्जनला जागा कळते.

आता त्या दिवसाचं सांगते. सर्जनने दोन्ही मार्ग समजावले आणि आक्कांना विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?" आक्कांनी भाऊजींकडे पाहिलं. भाऊजी म्हणाले, "काढूनच टाका डॉक्टर. या वयात काय करायचंय ठेवून? मागं कटकट नको." ते वाईट माणूस नाहीत. त्यांना खरंच वाटत होतं की जास्त कापलं म्हणजे जास्त सुटका.

जगातल्या मोठमोठ्या सर्जननाही शंभर वर्षं तेच वाटत होतं. अमेरिकेत हॉल्स्टेडने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी स्तन, छातीचा स्नायू आणि काख सगळं खरवडून काढायची रीत घालून दिली आणि तीच जगभर चालली. 1973 मध्ये मिलानला उंबेर्तो वेरोनेसी यांनी दोन सेंटिमीटरपर्यंतच्या गाठीच्या बायकांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडायला सुरुवात केली. एकूण 701 जणी. एका गटात हॉल्स्टेडची शस्त्रक्रिया, दुसऱ्यात गाठीभोवतीचा भाग काढून रेडिएशन. 1976 मध्ये अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांनी तशीच चाचणी सुरू केली. दोघांचे वीस वर्षांचे निकाल 2002 मध्ये आले. जगण्यात फरक नाही. राखलेल्या स्तनात आजार पुन्हा उठण्याचं प्रमाण थोडं जास्त, मिलानमध्ये 30 जणींना, पूर्ण काढलेल्यांत 8 जणींना. पण त्यामुळे आयुष्य कमी झालं नाही.

फिशर यांच्या चाचणीत तिसरा गट होता: गाठ काढली, रेडिएशन दिलंच नाही. वीस वर्षांत त्यांच्यातल्या 39 टक्के बायकांच्या त्याच स्तनात आजार परतला. रेडिएशन घेतलेल्यांत 14 टक्के. भाऊजींना हे आकडे सर्जनने कागदावर लिहून दाखवले. भाऊजींनी 39 वर बोट ठेवलं. "म्हणजे शेक पुरा घ्यायला लागतोय." आमच्याकडे रेडिएशनला शेकच म्हणतात. त्यांना एका मिनिटात नेमकं कळलं होतं.

आक्का तोवर गप्प होत्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "माझं हाय ते मला ठिवायचंय. वय झालं म्हणून कुणी हात काढून देतं का?"

शेक कुठे घेणार

हे पाऊल लिहिताना मी शस्त्रक्रियेच्या आधी मुद्दाम घेतलंय.

रेडिएशन आठवड्यातले पाच दिवस, रोज. पूर्वी 25 दिवस असायचं, पाच आठवडे. आता बहुतेक ठिकाणी 15 दिवसांत 40 ग्रे देतात. पन्नाशीच्या आतल्या आणि जोखमीच्या बायकांना गाठीच्या जागी जादा मात्रा देतात, त्याचे आणखी चार ते आठ दिवस. काही केंद्रांत निवडक जणींना पाच दिवसांत 26 ग्रे देऊन आठवड्यात मोकळं करतात. ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीचे त्याबद्दलचे निकाल 2020 मध्ये आले. तुमच्या डॉक्टरला सरळ विचारा: "माझे एकूण दिवस किती?" साधारण 65-70 च्या पुढचं वय, लहान आणि हार्मोन पॉझिटिव्ह गाठ, काखेत काही नाही आणि गोळी वर्षानुवर्षं नेमाने घेणार, अशा बाईचं रेडिएशन वगळण्याचाही विचार होतो. ते डॉक्टरने ठरवायचं. एसटी परवडत नाही म्हणून आपण ठरवायचं नाही.

मग कॅलेंडर घेऊन बसा. आक्कांचे वीस दिवस निघाले. मशीन गावापासून दोन तासांवर, म्हणजे रोजचे चार तास प्रवास, त्यात ज्वारीची काढणी. आम्ही त्या शहरात महिनाभर एक खोली घेतली, काढणीला भाऊजींच्या मेहुण्यांना बोलावलं. हे सगळं शस्त्रक्रियेच्या तारखेआधी ठरलं. मुंबईत टाटाला जाणाऱ्यांनी दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती इथे आधी चौकशी करावी. खोल्यांसाठी थांबावं लागतं, म्हणून निघायच्या दिवशी फोन करून उपयोग नाही. रेल्वेत उपचाराला जाणाऱ्या कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपर आणि थ्री-टियर एसीला पूर्ण सवलत आहे, सोबत्याला पाऊण. त्यासाठी रुग्णालयाचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो. तो पहिल्याच भेटीत मागा. एसटीतही सवलत आहे.

पैशाचं: महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. रेशनकार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राच्या टेबलावर जायचं. शस्त्रक्रिया, केमो आणि रेडिएशन यांच्या मंजुऱ्या वेगवेगळ्या होतात आणि जिथे शस्त्रक्रिया योजनेत बसते तिथे रेडिएशनचं मशीन असेलच असं नाही. आरोग्यमित्राला आधी रेडिएशनचं विचारा, मग शस्त्रक्रियेचं. तो चमकून बघेल. बघू दे.

हे काही केल्या जमणार नसेल, घरात कोणी न्यायला-आणायला नाही, महिनाभर गाव सुटत नाही, तर पूर्ण स्तन काढणं हा शहाणपणाचा निर्णय असू शकतो. तशा शस्त्रक्रियेनंतर लहान गाठीला आणि स्वच्छ काखेला बहुधा रेडिएशन लागत नाही. अर्धवट सोडलेला शेक सगळ्यात वाईट.

शस्त्रक्रियेचा दिवस

आदल्या दिवशी नखांचं पॉलिश, बांगड्या, जोडवी, मंगळसूत्र काढायचं. आक्का मंगळसूत्रापाशी अडल्या. शेवटी स्वतःच्या हाताने काढून भाऊजींच्या शर्टाच्या वरच्या खिशात ठेवलं आणि खिशाचं बटण लावलं. भाऊजी दिवसभर त्या खिशावर हात ठेवून बाकावर बसले होते.

गाठ हाताला लागत नसेल तर सकाळी सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफीत बघून बारीक तार घालतात, तारेचं टोक सर्जनला वाट दाखवतं. स्तनावर पेनने खुणा करतात. कुठल्या बाजूचा स्तन, हे प्रत्येकाला तोंडाने सांगायचं, दहा वेळा विचारलं तरी.

सर्जनला एक विचारून ठेवा: चीर देण्याआधी गाठीभोवती बधिर करायचं इंजेक्शन देणार का? टाटाचे डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी भारतातल्या 11 केंद्रांत 1600 बायकांवर हे करून पाहिलं. शस्त्रक्रियेच्या सात ते दहा मिनिटं आधी गाठीच्या सभोवती लिग्नोकेन. पाच वर्षांनी जिवंत असलेल्यांचं प्रमाण इंजेक्शनवाल्या गटात 90.1 टक्के, दुसऱ्या गटात 86.4. 2023 मध्ये हे छापून आलं. दात काढताना देतात तेच स्वस्तातलं औषध. सगळीकडे ते नेमाने देतात असं नाही, म्हणून विचारायचं. नाही म्हणाले तर वाद घालू नका.

काखेचं काम त्याच वेळी होतं. स्तनातून निघालेला आजार काखेतल्या ज्या गाठीत आधी पोचेल ती सेंटिनल, म्हणजे वेशीवरची रखवालदारीण. ती ओळखायला निळा रंग किंवा किरणोत्सारी द्रव टोचतात. अशा ओळखलेल्या एक-दोन-तीन गाठी काढून तपासतात. त्या स्वच्छ असल्या तर बाकीची काख तशीच राहते आणि हात सुजायचा धोका पुष्कळ कमी होतो. निळा रंग टोचला असेल तर लघवी दिवसभर हिरवट-निळी होते. हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. आक्कांनी मला संडासातून हाक मारली तेव्हा माझं पाणी पाणी झालं.

काढलेल्या तुकड्याला सर्जन दोन दोरे बांधतो: आखूड दोरा वरच्या बाजूला, लांब दोरा बाहेरच्या. शिंपी कापडाला उलट-सुलट कळावं म्हणून खूण करतो तसं. पॅथॉलॉजिस्ट मग तुकड्याच्या बाजूंना शाई लावून काप घेतो. शाईला कॅन्सरच्या पेशी चिकटलेल्या नसल्या तर कड मोकळी. अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी 2014 मध्ये हेच माप पुरेसं ठरवलं. त्याआधी किती मिलिमीटर मोकळं हवं यावर वर्षानुवर्षं भांडणं होती. कड मोकळी नसेल तर पुन्हा थोडं कापावं लागतं. त्याची मानसिक तयारी आधीच करा, नाहीतर रिपोर्टच्या दिवशी आभाळ कोसळतं. गाठ निघालेल्या पोकळीच्या भिंतींना बारीक क्लिप लावतात, त्या आतच राहतात. रेडिएशनच्या डॉक्टरला जागा त्यांच्यावरून कळते.

घरी, भिंतीपाशी

गाठ आणि एक-दोन काखेतल्या गाठी एवढंच काढलं असेल तर नळी नसतेच बहुधा. काख जास्त काढली तर नळी आणि दाबाची डबी घेऊन घरी येता. डबीतलं पाणी रोज ठरलेल्या वेळी मोजून वहीत लिहा. 24 तासांत 30 मिलिलिटरच्या खाली आलं की बहुतेक ठिकाणी नळी काढतात. नळी काढल्यावर आत पाणी साचून फुगवटा येऊ शकतो. सर्जन तो सुईने ओढून घेतो. गरम विटेने शेकू नका.

ब्लाऊज सुती, पुढून हुकांचा, दोन्ही बाजूंच्या शिवणी उसवून सैल केलेला.

आणि खांदा. हा भाग लोक सोडून देतात. दुखतंय म्हणून हात छातीशी धरून बसतात आणि तीन आठवड्यांत खांदा आखडतो. रेडिएशनच्या टेबलावर दोन्ही हात डोक्याच्या वर नेऊन निश्चल पडायचं असतं. हात वर जात नसेल तर शेक सुरूच करता येत नाही. म्हणून दुसऱ्या दिवसापासून बोटं, मनगट, कोपर हलवायचे आणि सर्जनने परवानगी दिली की भिंतीपाशी उभं राहून बोटांनी वर चढायचं. आक्कांनी स्वयंपाकघराच्या भिंतीवर खडूने रेघा मारल्या होत्या. पहिली रेघ कॅलेंडरच्या खिळ्याच्या खाली वितभर, शेवटची छतापाशी जळमटांत. रोज सकाळी चहा उकळेपर्यंत त्या भिंतीशी. सतराव्या दिवशी त्यांनी तिथली जळमटं हाताने काढली आणि मला दाखवली.

शेवटचा रिपोर्ट दोन-तीन आठवड्यांत येतो. त्यावर केमो हवी की नको ते ठरतं. आक्कांना लागली नाही. केमो लागली तर ती आधी आणि रेडिएशन नंतर. हर टू पॉझिटिव्ह असेल तर इंजेक्शनं साधारण वर्षभर. केमो संपल्यावर माणूस इतका दमतो की "आता शेक पुढच्या महिन्यात बघू" असं वाटतं. तारीख आधी ठरवलेली असेल तर जातो.

शेकाचे वीस दिवस

पहिल्या दिवशी शेक नसतो, मापं असतात. सीटी मशीनवर झोपवून छातीवर खुणा करतात, कुठे शाईच्या, कुठे तिळाएवढे गोंदणाचे ठिपके. शाई घासून धुवायची नाही. पुसट झाली तर स्वतः पेनने गिरवायची नाही, टेक्निशियनला सांगायचं. आक्कांना ठिपके गोंदले. त्यांच्या हातावर तुळस आहे, हनुवटीवर तीन ठिपके आहेत, गोंदण त्यांना नवं नाही. "आणि तीन," म्हणाल्या.

डाव्या स्तनामागे हृदय असतं. म्हणून पुष्कळ ठिकाणी खोल श्वास भरून धरायला लावतात. छाती फुगली की हृदय जरा मागे सरकतं आणि किरणांच्या वाटेतून बाहेर राहतं. टेक्निशियन मुलगी शिकवायला लागली तर आक्कांनी पहिल्याच खेपेला इतका वेळ धरला की तीच घाबरून "सोडा, सोडा" म्हणाली. माहेरच्या विहिरीत तळाची माती वर आणायच्या पैजा मारलेल्या बाईला श्वास धरायला काय शिकवायचं.

टेबलावर दहा-पंधरा मिनिटं, त्यातला शेक मोजका. दुखत नाही, गरम लागत नाही, अंगातून किरणं बाहेर येत नाहीत. घरी आल्यावर नातवंडाला मांडीवर घ्यायला हरकत नाही. आमच्याकडे पहिले चार दिवस त्याला लांब ठेवलं होतं, उगाच. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात कातडी काळवंडते, स्तनाखालच्या घडीत सोलते. साध्या पाण्याने अंघोळ, टिपून कोरडं करणं, डॉक्टर सांगतील ते मलम. हळद नको, खोबरेल विचारल्याशिवाय नको, पावडर तर नकोच. थकवा येतो, तो शेक संपल्यावरही काही आठवडे राहतो. मशीन बंद पडलं, सुट्टी आली, तर बुडालेला दिवस पुढे जोडून घेतात. स्वतःहून मात्र एकही दिवस चुकवायचा नाही. पाडव्याचं पुरण खोलीवरच्या शेगडीवर झालं.

पुढे

हार्मोन पॉझिटिव्ह असेल तर रोज एक गोळी, पाळी चालू असलेल्यांना बहुधा टॅमॉक्सिफेन, पाळी गेलेल्यांना लेट्रोझोलसारखी. किमान पाच वर्षं. आक्कांची देवघरात निरांजनाशेजारी असते, म्हणजे चुकत नाही. लेट्रोझोलने सांधे धरतात आणि हाडं ठिसूळ होतात, त्याची तपासणी विचारा. गुडघे दुखतात म्हणून गोळी परस्पर बंद करू नका, डॉक्टर बदलून देतात. त्या बाजूच्या हाताला सूज, जडपणा, लाली दिसली तर त्याच आठवड्यात दाखवा.

राखलेल्या स्तनाची पहिली मॅमोग्राफी शेक संपल्यावर सहा महिने ते वर्षाच्या आत, मग दरवर्षी. जुन्या फिल्म सोबत न्यायच्या, तुलना त्यांच्याशी होते. यंदा मी फाईल घेऊन पोचेपर्यंत आक्का आत गेल्या होत्या. पडद्याआडून त्यांचा आवाज आला, टेक्निशियनला ठणकावून सांगत होत्या, "पावडर लावल्याली न्हाई हां मी. मान बघ पायजे तर."